एकच चाळ, अनेक बिऱ्हाडें

हिशेबाचा एकच प्रोग्रॅम शेकडों पेढ्यांचे जमाखर्च सांभाळतो, आणि तरीही एकीची वही दुसरीस दिसत नाहीं, हें कसें घडतें? व्यवस्था चाळीसारखी आहे: जिना, नळ समाईक, कुलूप ज्याचें त्याचें. १९९९ सालीं निघालेल्या सेल्सफोर्स कंपनीचा धंदा याच पद्धतीवर उभा राहिला.

दारीं आलेला पाहुणा कोणाकडचा, हें मागणीसोबत येणाऱ्या यजमानाच्या नांवावरून कळतें. १९९७ च्या एचटीटीपी १.१ नियमांनीं तें नांव सक्तीचें केलें. येथवर सोपें. खरी मेख कोठारांत आहे. तेथें सर्वांच्या नोंदी बहुधा एकाच कोष्टकांत असतात. प्रत्येक ओळीवर मालकाचा क्रमांक, एवढाच काय तो आडपडदा. एखाद्या विचारणेंत तो क्रमांक घालावयाचें राहून जावें, कीं एकाचीं येणीं-देणीं दुसऱ्याच्या पडद्यावर! हें काम माणसाच्या स्मरणावर न सोडणेंच बरें. पोस्टग्रेस या कोठारव्यवस्थेनें २०१६ सालीं, ९.५ व्या आवृत्तींत, ओळीओळीवर पहारा बसविण्याची सोय दिली. तथापि कोष्टकाच्या धन्याच्या अधिकारानें विचारणा आल्यास, मुद्दाम सक्ती केली नसेल तर, पहारेकरी बाजूस सरतो. आणि निष्काळजी ठिकाणीं सबंध प्रोग्रॅम त्याच अधिकारानें चालत असतो.