अडीच कसे छापावे?

परवा सहावीच्या मुलांची एक प्रश्नपत्रिका माझ्या हाती आली. प्रश्न अगदी साधा होता: ‘२१/२ मीटर कापडाचे पाच सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा केवढा?’ गुरुजींच्या मनात अडीच मीटर होते, म्हणजे उत्तर अर्धा मीटर. पण निम्म्या वर्गाने एकवीस छेद दोन, म्हणजे साडेदहा मीटर धरले आणि २.१ मीटर असे उत्तर काढले. आता गुण कापायचे कुणाचे? मुलांनी कागदावर होते तेच वाचले. चूक संगणकावर प्रश्न टंकताना झाली.

गंमत पहा. आमच्या पिंपळगाव राजाच्या बाजारात अडीच किलो म्हटले की कुणाचाही घोटाळा होत नाही. जुन्या वहीतही होत नसे. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. म्हणून अडीच लिहायचे ‘२॥’ असे. पावकी, निमकी, औटकी घोकलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे-पै गेले, आणि या रेघाही हळूहळू वहीतून उतरल्या. २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र जागा मिळाली खरी, पण आजच्या मुलाला त्या वाचता येत नाहीत. तेव्हा प्रश्नपत्रिकेत त्या नकोत.

मग करावे काय? ‘वर्ड’मध्ये इंग्रजी अंकांत एक, तिरपी रेघ, दोन असे टंकून जागा सोडली की बहुधा छोटे जोडचिन्ह आपोआप होते. पाव, अर्धा, पाऊण एवढ्यांपुरतेच हे चालते; तीन सप्तमांशाला नाही, आणि देवनागरी अंकांना तर नाहीच. इंग्रजी अंक चालत असतील, तर ऑल्ट आणि ‘बरोबर’ची कळ एकदम दाबा. समीकरणाची चौकट उघडते. तीत ३/७ टंकून जागा सोडली की अंश वर, छेद खाली, मध्ये आडवी रेघ.

देवनागरी अंकांसाठी मी स्वतः जुनी युक्ती वापरतो. कंट्रोल व एफ-९ दाबले की महिरपी कंस उमटतो. त्यात ई आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे, एक जागा, मग उलटी तिरपी रेघ व एफ, आणि लगेच साध्या कंसात ३, स्वल्पविराम, ७. शेवटी शिफ्ट व एफ-९. झाला अपूर्णांक! महिरपी कंस मात्र हाताने टंकू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. ‘लिबर ऑफिस’ वापरणाऱ्यांनी सूत्राची चौकट घालून दोन अंकांमध्ये ‘ओव्हर’ हा इंग्रजी शब्द लिहावा.

पूर्णांक नेहमी चौकटीच्या बाहेर, मोठ्या अक्षरात ठेवा. उभ्या अपूर्णांकाने ओळ फुगते, म्हणून वाक्याच्या पोटात असेल तर सरळ ‘अडीच’ असा शब्दच लिहावा. आपल्या भाषेत तो आयता आहे. आणि छापखान्याकडे पाठवण्यापूर्वी फाइलची पीडीएफ करून एकदा डोळ्यांखालून घाला. दुसऱ्याच्या संगणकावर तोच टंक नसला, तर अंकांच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात.