थंडीत गाडी धुताय? आधी हवा बघा

निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागांतल्या शेकोट्यांबरोबर आणखी एका गोष्टीची चर्चा होते: गाडीच्या टपावर गोठलेलं दव. गंमत अशी, की अशा पहाटे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बहुतेक वेळा शून्याच्या वरच असतो. डिसेंबर २०१८च्या कडाक्यातही तो दोन अंशांच्या आसपास होता. खुद्द नाशिक शहरात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश इतक्या नीचांकाची नोंद झाली, तीही शून्याच्या वरचीच. मग टपावर बर्फ येतो कुठून? याचं उत्तर कळलं, की हिवाळ्यात गाडी कधी धुवावी आणि कशी सुकवावी हेही उलगडत जातं.

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो मोजतो हवेचं तापमान. गाडीचा टप मात्र रात्रभर उघड्या आकाशाखाली असतो. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. ढग असले तर त्यातली बरीचशी उष्णता परत मिळते. निरभ्र, कोरड्या आकाशाकडून फारच थोडी मिळते. टपाचा पत्रा पातळ असतो, त्याच्या खाली अस्तर असतं, त्यामुळे आतून ऊबही पोचत नाही. वारा पडलेला असेल तर पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि पत्रा शून्याखाली गेला तर दवाचा बर्फ होतो.

हे पाहायला प्रयोगशाळा नको. सोसायटीच्या आवारात पहाटे एक चक्कर मारा. उघड्यावरच्या गाडीचा टप आणि पुढची तिरपी काच ओली असते, पण दारांच्या उभ्या काचा बऱ्याचदा कोरड्या असतात. तिरप्या काचेला आकाश जास्त दिसतं, उभ्या काचेला समोरची भिंत. कडुनिंबाखाली लावलेली गाडी तर जवळजवळ कोरडीच सापडते, कारण झाडाचा पसारा तिला थोडी उष्णता परत देत राहतो.

ओल्या धुळीवर फडकं नको

दव आयतं मिळालंय म्हणून त्यावरच फडकं मारून गाडी ‘पुसून घ्यायची’, ही आपल्याकडची सर्रास सवय. पाणी वाचतं हे खरं, पण रंगाचं नुकसान होतं. नाशिकच्या धुळीत काळ्या बेसॉल्ट खडकाचा चुरा असतो. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोहस् मापावर सहाच्या घरात, म्हणजे साध्या चाकूच्या पात्यापेक्षाही किंचित जास्त. उलट रंगावरचा पारदर्शक लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. दव पडलं की धूळ ओली होते, पण वाहून जात नाही. त्यावर फडकं फिरवणं म्हणजे त्या लेपावर पॉलिशपेपर घासणं. उन्हात बॉनेटवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे बहुतांशी याच सवयीची देणगी.

म्हणून आधी नुसतं पाणी, तेही टपापासून खाली. धूळ निघाली की मग शाम्पू. दोन बादल्या घ्या: एक शाम्पूची, दुसरी फडकं खळबळून घ्यायची. चाकांसाठी फडकं वेगळं ठेवा. दाराच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी शेवटी घ्या, कारण जाड कण तिथेच अडकलेले असतात.

गीझरचं पाणी की बोअरचं?

हाताला हुडहुडी भरते म्हणून गीझरचं कढत पाणी थेट काचेवर ओतणारेही असतात. काच उष्णतेची मंद वाहक. बाहेरचा पृष्ठभाग लगेच प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो. नेहमीच्या काचेचा मीटरभर लांबीचा तुकडा ५० अंशांनी तापला तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो, पण काचेला तेवढाही ताण भारी पडू शकतो. दारांच्या काचा टफन केलेल्या असतात, त्या असा ताण बऱ्यापैकी सोसतात. पुढची काच मात्र दोन साध्या काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते. कसारा घाटात ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा बारीकसा टवका तिच्यावर असला, तर कढत पाण्याने तिथूनच तडा धावतो. हाताला जेमतेम कोमट लागेल, इतकंच पाणी घ्या.

त्याहून सोपा मार्ग द्राक्षबागायतदारांना ठाऊक आहे. थंडीच्या लाटेत ते पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बागेला सोडतात. जमिनीच्या पोटातलं तापमान ऋतूंबरोबर फारसं हलत नाही, ते वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे आपल्याकडे पंचवीस अंशांच्या आसपास राहतं. म्हणून थंडीत विहिरीच्या पाण्यावर वाफा दिसतात. मोटारीतून थेट आलेलं पाणी गाडीलाही सोसतं आणि हातालाही. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर थंडावलेलं पाणी मात्र तसं नसतं.

पण बोअरच्या पाण्याची एक खोड आहे. बेसॉल्टमधून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. असं जड पाणी पत्र्यावर वाळलं की पांढरी गोल वर्तुळं उरतात. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन सर्वांत जलद होतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि क्षारही तिथेच नेऊन टाकतं. म्हणून डाग ठिपक्यासारखा न दिसता कड्यासारखा दिसतो.

जड पाण्यावरचा एक उतारा नाशिकच्याच खडकात सापडतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जी झिओलाइट खनिजं पाहायला लोक थांबतात, ती बेसॉल्टच्या पोकळ्यांतच तयार झालेली. त्यांच्या सच्छिद्र जाळीत सोडियम असतो. तो पाण्यात सोडून ती कॅल्शियम पकडून ठेवतात. याच गुणामुळे कृत्रिम झिओलाइट कपड्यांच्या कित्येक पावडरींमध्ये वापरलं जातं. म्हणून ती पावडर गाडीला लावायची मात्र नाही. ती अल्कधर्मी असते, वारंवार वापरली तर मेण आणि चमक दोन्ही जातात. गाडीचा शाम्पू वापरा आणि थेंब वाळायच्या आत टिपून घ्या.

कोरडं करायची वेळ

खरा प्रश्न इथे आहे. नाशिकच्या थंडीत गाडीवर पाणी घालणं अवघड नाही, ते काढणं अवघड आहे. दहा अंशांच्या पहाटेच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम वाफ मावते. दुपारी पारा २८ अंशांवर गेला की हीच क्षमता २७ ग्रॅमच्या आसपास पोचते. वाफ तेवढीच राहिली तरी सकाळची १०० टक्के सापेक्ष आर्द्रता दुपारी ३५ टक्क्यांपर्यंत उतरते. पहाटे सहाला धुतलेल्या गाडीतलं पाणी म्हणून जागचं हलत नाही आणि संध्याकाळी धुतलेल्या गाडीवर दवाचीच भर पडते. दहा ते बाराची वेळ उत्तम: हवा कोरडी होऊ लागलेली असते, पत्रा शाम्पू वाळून बसेल इतका तापलेला नसतो. भर उन्हापेक्षा सावली बरी.

टप आणि काचा मायक्रोफायबरच्या कापडाने, न रगडता टिपा. मग दारं, डिकी, बॉनेट उघडून रबरी पट्ट्या आणि कडा पुसा. दाराच्या तळाला पाणी निचरायची छिद्रं असतात. ती मातीने बुजली तर दार आतून गंजतं. शेवटी गाडी एक-दोन किलोमीटर चालवा आणि मागे कुणी नसताना दोन-चारदा हलके ब्रेक दाबा. ओतीव लोखंडाच्या डिस्कवर धुतल्यानंतर काही तासांत नारिंगी गंज येतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघतो, पण ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी काही दिवस उभी ठेवली तर लायनर चिकटू शकतात.

टोरांटोसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांचं गणित वेगळं. तिथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटून लोखंड खातं, म्हणून थंडीतही खालून धुवावंच लागतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे कुलपात राहिलेला थेंबही तिथे अडचण करतो. आपल्याकडे हे दोन्ही नाही, पण आत राहिलेली ओल इथेही तितकीच चिवट.

तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी करा. काचेवर बोट फिरवा. ओल बाहेरून असेल तर ते निरभ्र रात्रीचं काम, काळजी नको. आतून असेल तर मॅट किंवा गालिचा ओला राहिला आहे. मॅट उन्हात टाका आणि थंडी असली तरी दहा मिनिटं एसी लावा. त्याच्या गार नळ्यांवर आतली वाफ पाणी होऊन बाहेर गळते. त्यासोबत हीटर सुरू ठेवला तर काच लवकर स्वच्छ होते आणि कुडकुडावंही लागत नाही.