मोर्चा पूर्वी चालत नसे

बिलोलीच्या तहसील कचेरीवर मोर्चा निघतो, तेव्हा तो चालत येतो. तीनशे वर्षांपूर्वी मोर्चा जागचा हलत नसे. किल्ल्यासमोर जमीन खणून, मातीचे बांध घालून वेढ्यातले शिपाई आणि तोफा ज्या आडोशाला ठाण मांडत, त्या जागेचे नाव मोर्चा. म्हणून तो 'बांधावा' लागे, आणि निवडणूक जवळ आली की आजही पुढारी मोर्चेबांधणीच करतात.

निवडणुकीच्या बातम्या जरा निरखून वाचा. आधी मोर्चेबांधणी होते, मग विरोधकांच्या मतांना सुरुंग लागतो, मग खिंडार पडते, एल्गार होतो आणि शेवटी बालेकिल्ला ढासळतो. हा क्रम वेढ्याचाच आहे! किल्ला कसा घ्यायचा याची सगळी पद्धत आपल्या बोलण्यात पायरीपायरीने टिकून राहिली आहे.

ती प्रत्यक्षात कशी चाले, हे पाहायला बिलोलीहून फार लांब जायला नको. पश्चिमेला, याच नांदेड जिल्ह्यात, कंधारचा खंदकाने वेढलेला भुईकोट आहे. 1631 मध्ये शाहजहानचा सरदार नसीरीखान याने तो निजामशाहीकडून घेतला. मोर्चांच्या आडून बेलदार तटाच्या दिशेने भुयार खणत नेत. पायाखाली पोहोचले की तिथे दारू ठासायची आणि भुयाराचे तोंड दगडमातीने घट्ट बुजवायचे, म्हणजे स्फोटाचा जोर मागे न फिरता वर तटावर जातो. मग जामगी पेटवायची. अंदाज चुकला तर उडालेला तट बाहेर, आपल्याच माणसांवर कोसळे. नेमका साधला तर पडलेल्या दगडांचाच चढ तयार होई. ते खिंडार. आतल्यांनी ते बुजवण्याआधी त्यातून एकदम मुसंडी मारायची, तो एल्गार. कंधारच्या या वेढ्याचे चित्र पयाग नावाच्या चित्रकाराने काढले. ते 'पादशाहनामा'च्या हस्तलिखितात आहे आणि आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात जपलेले आहे.

'सुरुंग' तर या सगळ्याहून जुना. दारूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' येते, भुयार या अर्थाने. अनेक अभ्यासक तिचे मूळ 'सिरिंक्स' या ग्रीक शब्दात शोधतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी. दवाखान्यातली सिरिंज त्याच शब्दापासून आली. कंधारच्या तटाखालचे भुयार आणि दंडात टोचली जाणारी सुई एका घरची निघावीत, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

वेढ्याच्या शब्दांइतकाच घोड्यांच्या शब्दांचा पसारा आहे. पदरचा घोडा आणि पदरची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार; सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची घडी दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्याबरोबर एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल, दोन्हींची तजवीज हिशेबातच! यातला हवालदार आज पोलीस ठाण्यात भेटतो. बारगीर मराठीतून जवळजवळ गेला. पण नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे तो बंगालमध्ये 'बर्गी' होऊन अंगाईगीतात शिरला, आणि तिथे त्याच्या नावाने मुलांना झोपवू लागले.

शब्द बदलावेत म्हणून महाराजांनी जाणीवपूर्वक प्रयत्न केला. रघुनाथपंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. शस्त्रांना, सैन्याला, दुर्गांना वेगवेगळे वर्ग आहेत. सरनोबताची जागा सेनापतीने घेतली ती कायमची. पण शिलेदार, हवालदार, फौज, तोफ हलले नाहीत. जे शब्द तळावर रोज लागत, ते तळाने सोडले नाहीत. बिलोलीतली जुनी दगडी मशीद ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सर्फराजखान औरंगजेबाच्या सैन्यातला. आणि या गावच्या बाजारात मराठी-तेलुगूच्या जोडीला कानावर पडणाऱ्या 'उर्दू' या भाषेचे नावच मुळात तुर्की. अर्थ, लष्कराचा तळ.

पण शिपायांच्या वागण्याने शब्द काळवंडतातही. 3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. त्यांच्याकडे इब्राहिमखानाचे गारदी होते, फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले. 'गारदी' हे नाव पहाऱ्याच्या 'गार्द' या फ्रेंच शब्दावरून आले, असे मानतात. इब्राहिमखान पुढच्याच वर्षी पानिपतावर भाऊंच्या बाजूने लढून मारला गेला. पण 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि कवायती पायदळाचे ते नाव मारेकऱ्यांचे नाव होऊन बसले.

मराठवाड्यात हेच पुन्हा घडले. 'रझाकार' म्हणजे स्वेच्छेने सेवा करणारा, स्वयंसेवक. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या संघटनेने तो शब्द धारण केला. 1946 मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूर येथे निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणारे गोविंदराव पानसरे यांची रझाकारांनी हत्या केली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनने रझाकारांची सत्ता संपली. तरी आमच्या भागात दांडगाईला अजून 'रझाकारी' म्हणतात, आणि त्या शब्दातली सेवा इथे कुणालाच ऐकू येत नाही.