विदर्भाच्या डायनोसॉरचे नाव का बदलले?

नागपूर : एखाद्या प्राण्याचे शास्त्रीय नाव बदलले, की अभ्यासकांचाच गोंधळ झाला असा समज होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या डायनोसॉरची कथा हा समज दूर करते. तेथे १९८०च्या दशकात सापडलेल्या सांगाड्याला सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ असे नाव दिले. ‘टायटॅनोसॉरस’ ही प्रजाती रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या जीवाश्मांवरून स्थापली होती. शेपटीचे पुढून खोलगट व मागून फुगीर मणके हे तिचे लक्षण. पुढे मात्र तसेच मणके अर्जेंटिना, मादागास्कर येथील प्राण्यांतही आढळले.

जे लक्षण साऱ्या कुळात आहे, त्यावरून एक घर ओळखता येत नाही. जवळचे नाते ठरते ते दूरच्या पूर्वजांत नसलेल्या आणि ठरावीक वंशजांतच उतरलेल्या नव्या लक्षणांवरून. म्हणून २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव अग्राह्य ठरविले. डोंगरगावच्या प्राण्याला स्वतःची वेगळी लक्षणे होती. त्याच्यासाठी ‘इसीसॉरस’ ही नवी प्रजाती स्थापन झाली. या नावात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची, म्हणजे ‘आयएसआय’ची, आद्याक्षरे आहेत. वंशावळीत नवा पुरावा आला की नावे बदलतात, ती अशी.