मूल कोणाकडे? (भाग ८) : दोन शनिवार पुरत नाहीत

 सांगलीच्या एका आजोबांचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर लगेच द्यायला हवं. नात अडीच वर्षांची, सुनेजवळ. कोर्टाने आजोबांच्या मुलाला महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास भेट दिली आहे. आजोबा विचारतात, ‘त्यापेक्षा मे महिन्यात सलग पंधरा दिवस मागून घेऊ का?’

आजोबा, आत्ता नका मागू. अडीच वर्षांच्या पोरीला पंधरा दिवसांचा अंदाज नसतो. आई दिसत नाही, एवढंच तिला कळतं. आणि दोन भेटींत पंधरवडा गेला की बाबाही तिला दर वेळी नव्याने ओळखीचा करून घ्यावा लागतो.

कौटुंबिक न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत हे नेहमी दिसतं. एक बाप मोठी रिमोटची गाडी घेऊन येतो. मूल आईची ओढणी सोडत नाही आणि अर्धा वेळ रडण्यात जातो. दुसरा दर वेळी तोच स्टीलचा डबा आणतो, त्यात साखरपोळीचे तुकडे. त्याचं मूल आत आल्या आल्या डबा शोधतं. लहान मुलाला तेच माणूस, तीच वेळ, तोच खाऊ लागतो, आणि ते सगळं वरचेवर लागतं.

न्यायालयांनाही हे पटतं. गोव्यातून गेलेल्या रोक्सॅन शर्मा खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने लहानग्याचा ताबा आईला दिला, पण वडिलांची भेट ठरावीक दिवशी, ठरावीक तासांची बांधून दिली. यशिता साहू खटल्यात (२०२०) तर म्हटलं, की ताबा नसलेल्या पालकाला, खास कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. शक्यतो व्हिडिओ कॉलवर. नात दोन मिनिटांत उठून खेळायला गेली, तर मात्र त्याची तक्रार कोर्टात नेऊ नका. या वयात दोन मिनिटंही पुष्कळ झाली.

समझोत्याच्या पुरशिशीत (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम लिहू देऊ नका. पुढची निम्मी भांडणं तिथूनच निघतात. जागा, वेळ, मुलीला आणणार कोण, पोचवणार कोण, ती तापाने फणफणली तर बदली दिवस कोणता, हे सगळं कागदावर हवं.

ताब्याचा आणि भेटीचा आदेश कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ सालीच सांगितलंय. नात मोठी होईल तसा तो बदलून मागता येतो. रात्रीचा मुक्काम, मे महिन्याची सुट्टी, ते सगळं तेव्हा. आत्ता मुलाला सांगा, शनिवार राहू देत, शिवाय दर बुधवारी संध्याकाळचा तासभर मागणारा अर्ज आधी दे. आणि वकिलांकडे जाण्यापूर्वी न्यायालयातल्या समुपदेशकांना भेटा. सूनबाई तासभराला तिथेच हो म्हणण्याची शक्यता जास्त आहे.