शेवटचा पत्ता

मॉस्कोत जुन्या इमारतींच्या भिंतींवर दाराशेजारी एक लहानशी पोलादी पाटी दिसते. लांबी 19 सेंटीमीटर, उंची 11. अक्षरं लग्नात द्यायच्या भांड्यावर नाव घालतात तशी एकेक ठोकून उमटवलेली. मजकूर मोजकाच: इथे कोण राहत होतं, काय काम करत होतं, जन्म कधीचा, अटक कधी झाली, गोळी कधी घातली आणि निर्दोष कधी ठरवलं. डाव्या बाजूला एक चौकोन आरपार कापलेला असतो. फोटो लावला असता तर तो तिथे आला असता.

‘शेवटचा पत्ता’ नावाच्या या उपक्रमाची सुरुवात पत्रकार सेर्गेई पार्खोमेन्को यांनी केली. पाटीचा आराखडा वास्तुकार अलेक्सांद्र ब्रोद्स्की यांचा. मॉस्कोत पहिल्या पाट्या लागल्या त्या 10 डिसेंबर 2014 रोजी, मानवी हक्क दिनी. प्रेरणा जर्मनीतली होती. तिथले कलावंत गुंटर डेमनिग नाझींच्या बळींच्या घरांपुढे, फुटपाथवर पितळी पत्र्याचे छोटे दगड बसवत आले आहेत. त्यांची संख्या 2023 मध्ये एक लाखावर गेली. दोन्हीकडे नियम एकच: एका पाटीवर एकच माणूस. नवरा-बायको दोघांनाही नेलं असेल, तर पाट्या दोन.

पाटीसाठी कुणीही अर्ज करू शकतं. त्या माणसाशी नातं असावंच लागतं असं नाही. सध्या त्या घरात राहणाराही अर्ज करतो. पाटीचा खर्च अर्जदार देतो. मग कागदपत्रांची पडताळणी होते आणि इथे ‘मेमोरियल’ या संस्थेचं काम उपयोगी पडतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या संस्थेनं सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची तीस लाखांहून अधिक नावांची सूची तयार केली. ज्या पत्त्यावरून माणसाला उचललं, तो पत्ता बहुतेकदा गुप्त पोलिसांच्याच फाइलीत सापडतो. ज्यांनी नेलं त्यांनीच तो लिहून ठेवलेला असतो.

पाटीवरच्या तारखांनाही फार मोल आहे. जुलै 1937 मध्ये गुप्त पोलिसांनी काढलेल्या 00447 क्रमांकाच्या हुकमानं कुठल्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावण्यांत धाडायचं याचे आकडे ठरवून दिले. निकाल तिघांच्या समितीनं द्यायचा; आरोपी समोर नाही, वकील नाही. सरकारी नोंदींनुसार 1937 आणि 1938 या दोन वर्षांत 6,81,692 जणांना मृत्युदंड दिला गेला. घरच्यांना सांगितलं जाई, ‘दहा वर्षं कैद, पत्रव्यवहाराची मुभा नाही.’ स्टालिनच्या मृत्यूनंतर अनेक कुटुंबांना दाखले मिळाले तेही खोटे. मृत्यूची तारीख बनावट आणि कारण न्यूमोनिया किंवा हृदयविकार. पाटीवर खरी तारीख येते तेव्हा तो खोटा दाखला चारचौघांत दुरुस्त होतो.

या बळींत आपल्याकडचीही माणसं होती. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय 1921 साली भारतीय क्रांतिकारकांच्या एका गटासोबत मॉस्कोला गेले होते. त्या गटात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. चट्टोपाध्याय 1930च्या दशकात लेनिनग्राडला राहिले. तिथे 1937 च्या जुलैत त्यांना अटक झाली आणि 2 सप्टेंबरला गोळ्या घातल्या गेल्या. मध्ये जेमतेम दीड-दोन महिने.

उपक्रमाचं सगळ्यात अवघड काम मात्र रहिवाशांची संमती मिळवणं हेच आहे. त्यांचा होकार नसेल तर पाटी लागत नाही. कार्यकर्ते दारोदार जातात. कुणी म्हणतं, घराला स्मशानकळा नको. कुणी विचारतं, आता हे उकरून काय मिळणार? पण जिन्यात उभ्या उभ्या होणाऱ्या या बोलण्यातून अनेकांना पहिल्यांदाच कळतं की आपल्या फ्लॅटमध्ये आपल्याआधी कोण राहत होतं. माझ्या मते या उपक्रमाचं खरं काम तिथेच होतं, पाटी लागण्याच्या आधी. आठवण ठेवायची की नाही, हे तिथे राहणाऱ्या माणसांना ठरवावं लागतं आणि ठरवताना एकमेकांशी बोलावं लागतं.

सरकारनंही स्मारक उभारलं आहे. मॉस्कोच्या साखारोव्ह मार्गावरची ‘शोकभिंत’ पुतिन यांच्या हस्ते 30 ऑक्टोबर 2017 रोजी खुली झाली. कांस्याची ती प्रचंड भिंत चेहरा नसलेल्या माणसांच्या आकृत्यांची आहे. तिच्यात शोक आहे. नाव एकाचंही नाही. आणि चार वर्षांनी, 28 डिसेंबर 2021 रोजी, रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं नावं गोळा करणारी ‘मेमोरियल’च बरखास्त करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, पण बरखास्ती कायम राहिली.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तर पाट्या गायब होण्याचं प्रमाण वाढलं. मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग आणि इतर शहरांतही भिंतींवर नुसती स्क्रूची भोकं उरली. काही ठिकाणी लोकांनी पुठ्ठ्याच्या पाट्या करून त्याच जागी लावल्या. मजकूर तोच, तारखाही त्याच.

पोलाद काय किंवा पुठ्ठा काय, पाटी उखडणं सोपं आहे. पण ज्या इमारतीत संमतीसाठी एकदा चर्चा झाली, तिथल्या रहिवाशांना ते नाव माहीत झालेलं असतं. जुलमी सत्तेला माणसं आकड्यांत मोजायला आवडतात, कारण आकड्याला घर नसतं आणि शेजारीही नसतात. ‘शेवटचा पत्ता’ एकेका माणसाला त्याचं घर आणि शेजारी परत मिळवून देतो. जिथे जिथे सत्तेनं आपलीच माणसं गिळली, तिथल्या लोकांनी सरकारी स्मारकाची वाट न पाहता हे काम आपल्या जिन्यापासून सुरू करावं.