आयर्लंडची शिरगणती

युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंड बेटावर १८४१ साली जेवढी माणसे राहत होती, तेवढी आजही तेथे नाहीत. त्या वर्षीच्या शिरगणतीत ८१ लाख ७५ हजार १२४ लोकांची नोंद झाली. १८५१ साली हा आकडा ६५ लाख ५२ हजार ३८५ वर आला. या दोन मोजण्यांच्या मध्ये १८४५ ते १८४९ चा दुष्काळ होता. गरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा पडला. सुमारे दहा लाख लोक उपासमारीने व रोगराईने दगावले आणि जवळजवळ तितकेच देशोधडीला लागले. १८४१ मध्ये घरांचेही चार वर्ग पाडण्यात आले होते. त्यांतील सर्वांत खालचा वर्ग एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांचा होता. दहा वर्षांनी सर्वाधिक घट याच वर्गात आढळली. दुष्काळाने कोणाला गाठले, हे त्या एका रकान्यावरून स्पष्ट होते.

दुष्काळ सरला, तरी गळती थांबली नाही. जमीन एकाच मुलाकडे राही, इतर भावंडे जहाजाने अमेरिकेची वा इंग्लंडची वाट धरीत. विवाहही उशिरा होऊ लागले. १९०१ पर्यंत लोकसंख्या ४४ लाख ५८ हजार ७७५ इतकीच उरली.

जुन्या शिरगणतीच्या कागदांना एकाएकी मोल आले ते १९०९ साली. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. परंतु वयाचा पुरावा कोठून आणावयाचा? आयर्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. अर्जदार तर त्याआधी जन्मलेले. तेव्हा आईवडिलांची नावे व गावाचे नाव अर्जात लिहून घेतले जाई, आणि डब्लिनच्या अभिलेखागारात १८४१ व १८५१ चे कुटुंबपत्रक शोधले जाई. १८४१ च्या पत्रकात दोन वर्षांचे मूल म्हणून नोंद सापडली, की म्हाताऱ्याचा हक्क सिद्ध होई. मोजणी करणाऱ्यांच्या मनात हा उपयोग क्वचितच आला असेल.

पुढे ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात हे अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ ची बहुतेक पत्रके भस्मसात झाली. १८६१ व १८७१ ची पत्रके सरकारनेच पूर्वी नष्ट केली होती. १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात गेली. निवृत्तिवेतनासाठी केलेल्या शोधाचे अर्ज मात्र वाचले. अनेक कुटुंबांची १८४१ किंवा १८५१ मधील नोंद आज केवळ त्यांतच आढळते.

स्वतंत्र राज्याची पहिली शिरगणती १९२६ ची. तीत २९ लाख ७१ हजार ९९२ लोक मोजले गेले. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिल्याने ते त्यात नाहीत. स्थलांतर चालूच होते आणि १९६१ मध्ये २८ लाख १८ हजार ३४१ हा नीचांक आला. त्यानंतर उद्योगधंदे वाढले, १९७३ साली देश युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि परदेशी गेलेली माणसे परतू लागली. नेमक्या याच सुमारास, १९७६ ची शिरगणती काटकसरीसाठी रद्द करण्यात आली! १९७९ मध्ये ती घेतली गेली, तेव्हा १९७१ च्या तुलनेत सुमारे ३ लाख ९० हजारांची वाढ दिसून आली. शाळा, घरे, पाणीपुरवठा यांचे नियोजन करणाऱ्यांना एवढी मोठी वाढ तीन वर्षे उशिरा कळली, ही काटकसर महागच म्हणावी लागेल.

करोनामुळे एक वर्ष लांबलेली शिरगणती ३ एप्रिल २०२२ रोजी झाली. लोकसंख्या ५१ लाख ४९ हजार १३९ भरली. १८५१ नंतर प्रथमच या प्रदेशाने पन्नास लाखांचा टप्पा ओलांडला. एकेकाळी माणसे बाहेर पाठविणाऱ्या या देशात २०२२ मध्ये सुमारे बारा टक्के रहिवासी परकीय नागरिक होते. या पत्रकात एक रिकामी चौकटही ठेवली होती. कुटुंबाने तीत हवे ते लिहावे, अशी मुभा होती. कायद्यानुसार शंभर वर्षे ही पत्रके गोपनीय राहतील, म्हणजे तो मजकूर २१२२ मध्ये वाचला जाईल.